सरासरी साठ फ्रेम, तरी गेम गचके का खातो?

प्रश्न थोडक्यात असा आहे. रायझन ५ ५६००जी प्रोसेसर, बी५५० बोर्ड, ३२०० ची १६ जीबीची एकच रॅम स्टिक, ४ जीबीचं आरएक्स ६५०० एक्सटी कार्ड. विंडोज २४० जीबीच्या साटा एसएसडीवर, गेम्स जुन्या १ टीबी हार्ड डिस्कवर, मॉनिटर १०८०पी. सायबरपंक २०७७ या गेममध्ये कोपऱ्यातला फ्रेमचा (सेकंदाला किती चित्रं येतात त्याचा) आकडा साठच्या आसपास असतो. एका जागी उभं राहिलं तर सगळं गुळगुळीत, पण गाडी काढून शहरात जोरात निघालं की दर दोन-चार सेकंदांनी गचका बसतो. अकोल्याच्या मे महिन्यात त्रास जास्त. दुकानदार पॉवर सप्लाय बदला म्हणतो, मित्र प्रोसेसर बदला म्हणतो. पैसे नेमके कशात घालायचे?

तुमची तक्रार गेम स्लो चालतो अशी नाहीच. गेम मधूनच अडतो, ही आहे. दोन्हींची कारणं वेगळी आणि उपायही वेगळे. कोपऱ्यातला साठ हा सरासरीचा आकडा. सेकंदाला ६० फ्रेम म्हणजे प्रत्येक फ्रेमला १६.७ मिलिसेकंद, असं आपण गृहीत धरतो. पण ५९ फ्रेम १५-१५ मिलिसेकंदांत आल्या आणि एकच फ्रेम ११५ मिलिसेकंद लावून आली, तरी बेरीज १००० होते आणि आकडा ६० च दिसतो. त्या ५९ फ्रेमकडे कोणाचं लक्ष जात नाही, डोळ्यात खुपते ती ११५ वाली.

म्हणून पहिलं काम, तो आकडा बाजूला ठेवून फ्रेमटाइमचा, म्हणजे प्रत्येक फ्रेमला लागलेल्या वेळेचा आलेख लावा. एमएसआय आफ्टरबर्नर या फुकट प्रोग्रॅमच्या सेटिंग्जमध्ये मॉनिटरिंग टॅबवर फ्रेमटाइम निवडा, स्क्रीनवर दाखवण्याची खूण करा आणि टेक्स्टऐवजी ग्राफ ठेवा. सोबत कार्डाची मेमरी, रॅमचा वापर, प्रोसेसरचा क्लॉक (चालण्याचा वेग) आणि तापमान एवढं घ्या. याहून जास्त आकडे लावले की बघताना गोंधळ होतो. मग मेगाबिल्डिंग एच१०, म्हणजे गेममधल्या आपल्या घराच्या इमारतीसमोर सेव्ह करा आणि तिथून तोच रस्ता, तीच गाडी, त्याच वेगाने तीनदा चालवा. प्रत्येक वेळी वेगळीकडे भटकलात तर काय बदललं आणि त्याने काय झालं, हे कधीच कळणार नाही.

आता गचका कधी येतो ते बघा, कारण निम्मं निदान तिथेच होतं. पहिल्या फेरीत एका जागी बसला आणि दुसऱ्या-तिसऱ्या फेरीत त्याच जागी बसला नाही, तर शेडर (दृश्य कसं रंगवायचं हे कार्डाला सांगणारे छोटे प्रोग्रॅम) तयार होण्याचा तो खोळंबा असू शकतो. मात्र दुसऱ्या फेरीत फायली रॅममध्ये आधीच आलेल्या असतात, त्यामुळे मंद डिस्कचा गचकाही तेव्हा कमी होतो. दोन्हींत फरक करायचा तर पीसी रीस्टार्ट करून तोच रस्ता पुन्हा चालवा. आता गचके परत आले तर डिस्क, आले नाहीत तर शेडर. शेडरच्या दुखण्यावर हार्डवेअरचा इलाज जवळपास नाही. एल्डन रिंग २०२२ मध्ये पीसीवर आली तेव्हा महागड्या कार्डांवरही अडखळत होती. अशा वेळी कार्ड बदलणं म्हणजे आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी.

गचका गर्दीच्या चौकात, गाडी उभी असतानाही येत असेल तर प्रोसेसरवर संशय घ्यावा. पंधरा-वीस मिनिटं खेळल्यावर सुरू होऊन मग वाढत जात असेल तर उष्णता. गचक्याबरोबर आवाजही चिरकतो आणि माउसही थिजतो, असं असेल तर दोष कार्डाच्या बाहेर, अख्ख्या सिस्टिममध्ये शोधायचा. आणि फक्त वेगाने नव्या भागात शिरताना येत असेल, जसं तुम्ही लिहिलंय, तर माल वाहून आणणाऱ्या रस्त्यात कुठेतरी अडचण आहे. डिस्कमधून रॅममध्ये, रॅममधून पीसीआय एक्सप्रेसच्या (बोर्डाला कार्ड जोडणाऱ्या स्लॉटच्या) वाटेने कार्डाच्या मेमरीत, असा तो रस्ता. तुमच्या मशीनमध्ये या रस्त्यावर एक नाही, तीन ठिकाणी अरुंद पूल आहेत. म्हणून हाच भाग सविस्तर लिहितो, बाकीचं ओघाने येईल.

पहिला पूल, हार्ड डिस्क. ७२०० आरपीएमच्या डिस्कची एक फेरी ८.३ मिलिसेकंदांची. हवा तो तुकडा वाचणाऱ्या डोक्याखाली (हेडखाली) यायला सरासरी अर्धी फेरी लागते, म्हणजे ४.२, आणि त्याआधी डोकं योग्य ट्रॅकवर सरकायला आठ-नऊ मिलिसेकंद. एकूण बारा-तेरा. तुमच्या एका फ्रेमचा वेळ १६.७ आहे, म्हणजे एका फ्रेमच्या वेळात डिस्क जेमतेम एक जागा गाठते. सेकंदाला फार तर पंच्याहत्तर-ऐंशी. साटा एसएसडीला तेच काम मिलिसेकंदाच्या दहाव्या भागात जमतं. शहरातून गाडी जोरात जाते तेव्हा गेमला इमारती, पाट्या, माणसं, आवाज असे शेकडो विखुरलेले तुकडे लागतात. गेम चांगला लिहिलेला असेल तर तुकडा येईपर्यंत धूसर टेक्स्चर (वस्तूंच्या पृष्ठभागावर चिकटवलेलं चित्र) दाखवून वेळ मारून नेतो, पण काही गोष्टींसाठी त्याला थांबावंच लागतं. भिंती आधी धुरकट दिसून मग स्पष्ट होतात का, रस्त्यावरच्या गाड्या अचानक उगवतात का, हे बघा. तसं होत असेल तर डिस्क मागे पडते आहे.

इथे अंदाज बांधायचीही गरज नाही. २०२३ च्या सप्टेंबरात २.० पॅच आला तेव्हा या गेमच्या किमान गरजांमध्येच एसएसडी आली. किमान यादीत १२ जीबी रॅम आणि ६ जीबीची ग्राफिक्स मेमरीही आहे. म्हणजे हार्ड डिस्क आणि ४ जीबीचं कार्ड, या दोन्ही बाबतीत तुम्ही किमान रेषेच्या खाली आहात, तरी आकडा साठ दिसतो म्हणून सगळं ठीक वाटतं.

याची परीक्षा फुकट होते. विंडोजच्या एसएसडीवर ७०-८० जीबी जागा करा आणि गेम तिथे हलवा. स्टीममध्ये गेमवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, इन्स्टॉल्ड फाइल्स, आणि मूव्ह इन्स्टॉल फोल्डर. गेम पुन्हा डाउनलोड करावा लागत नाही. हलवल्यावरही एसएसडीवर पंधरा-वीस टक्के जागा मोकळी राहायला हवी. काठोकाठ भरलेली स्वस्त एसएसडी लिहिताना स्वतःच अडखळते, आणि मग परीक्षेचा निकाल चुकीचा येतो. तीच फेरी पुन्हा चालवा. ११५ चे सुळके ४० वर आले तर एक पूल सापडला. तात्पुरतं काही करता येत नसेल तर गेमप्लेच्या सेटिंग्जमध्ये एचडीडी मोड आहे, तो चालू करा. थोडा आराम पडतो, दुखणं जात नाही.

हार्ड डिस्क तशीही एकदा तपासा. क्रिस्टल डिस्क इन्फो या डिस्क तपासणाऱ्या प्रोग्रॅममध्ये ०५, सी५, सी६ या खराब जागा मोजणाऱ्या ओळींत शून्याच्या पुढे काही असेल तर डिस्क खराब होते आहे, आधी बॅकअप घ्या, गेमचं नंतर बघू. सी७ (केबलमधून येताना झालेल्या चुका) वाढत असेल तर डिस्कला दोष न देता साटा केबल बदला, पिळलेली किंवा सैल बसलेली केबल हे नेहमीचं कारण. ते आकडे हेक्समध्ये (दहाऐवजी सोळाच्या पटीत मोजलेले) दिसतात, घाबरून जाऊ नका. आणखी एक खोडी: विंडोजच्या पॉवर प्लॅनमध्ये वीस मिनिटांनी हार्ड डिस्क झोपवण्याची सेटिंग असते. गेम एसएसडीवर असला तरी एखाद्या प्रोग्रॅमने झोपलेल्या हार्ड डिस्कला हात लावला की ती फिरायला लागेपर्यंत काही सेकंद सगळं थबकू शकतं. पॉवर प्लॅनमध्ये तो वेळ शून्य करा.

दुसरा पूल कार्डाजवळचा, आणि तुमच्या जोडणीतली खरी गोम इथे आहे. ६५०० एक्सटीला पीसीआय एक्सप्रेसच्या फक्त चार लेन (समांतर मार्गिका) आहेत. स्लॉट लांब, सोळा लेनचा दिसतो, पण कार्ड त्यातल्या चारच वापरतं. ४.० पिढीवर या चार लेन सेकंदाला साधारण ७.९ जीबी वाहतात. बी५५० बोर्डाच्या खोक्यावर पीसीआय ४.० लिहिलेलं असतं आणि ते खोटं नाही, पण पहिल्या स्लॉटची पिढी प्रोसेसर ठरवतो. ५६००जी मध्ये पीसीआय ३.० च आहे. त्यामुळे तुमच्याकडे तो रस्ता निम्मा होतो, सेकंदाला ३.९ जीबी.

कार्डाची स्वतःची मेमरी सेकंदाला १४४ जीबी देते, म्हणजे छत्तीसपट. जोवर लागणारं सगळं ४ जीबीत मावतं तोवर अरुंद रस्त्याने काही बिघडत नाही. मावेनासं झालं की जास्तीचा माल रॅममध्ये ठेवला जातो आणि लागेल तेव्हा या रस्त्याने आणावा लागतो. एका फ्रेमच्या १६.७ मिलिसेकंदांत इथून ६६ एमबीच्या आसपास येऊ शकतं, तेही कागदावर. ४०९६ बाय ४०९६ चं एक टेक्स्चर, बीसी७ पद्धतीने आवळलेलं, १६ एमबीचं असतं आणि त्याच्या छोट्या प्रती धरून साधारण २१-२२. अशी तीन टेक्स्चर एकदम मागवली की त्या फ्रेमचा सगळा वेळ वाहतुकीतच गेला. चौथं आलं की गचका. कार्डाची ताकद कमी पडते असं नाही, कार्ड मालाची वाट बघत बसलेलं असतं.

टास्क मॅनेजरमध्ये परफॉर्मन्स, मग जीपीयू उघडा. डेडिकेटेड जीपीयू मेमरी ४ च्या काठाला टेकलेली दिसेल. नुसत्या तेवढ्यावरून निष्कर्ष काढू नका, गेम मोकळी मेमरी भरून ठेवतातच. खालची शेअर्ड जीपीयू मेमरी, म्हणजे कार्डाने वापरायला घेतलेली साधी रॅम, बघा. गाडी चालवताना ती वाढत दीड-दोन जीबीपर्यंत जात असेल आणि त्याच वेळी सुळके येत असतील तर माल उतू जातो आहे. उपाय टेक्स्चर क्वालिटी लो करणं. ही सेटिंग मुख्य मेनूतून बदलावी लागते, खेळ थांबवून उघडलेल्या मेनूत ती बंद दिसते, आणि बरेच जण तिथेच सोडून देतात. सावल्या आणि प्रतिबिंबं कमी करून सरासरी वाढेल, पण उतू जाणं थांबवायला टेक्स्चरच उतरवावं लागतं. मागे उघडं राहिलेलं ब्राउझर आणि डिस्कॉर्डही कार्डाची दोन-चारशे एमबी धरून बसतात. ८ जीबी कार्डावर त्याचं काही वाटत नाही, ४ जीबीवर तो दहावा हिस्सा आहे.

आणखी एक गोष्ट पीसीच्या मागे जाऊन बघा. मॉनिटरची केबल कार्डाला लावली आहे की बोर्डाला? ५६००जी मध्ये स्वतःचं ग्राफिक्स आहे, त्यामुळे बोर्डाच्या एचडीएमआयला केबल लावली तरी चित्र येतं आणि चूक महिनोन् महिने लक्षात येत नाही. गेम कार्डावरच चालतो, पण तयार झालेली प्रत्येक फ्रेम, साधारण ८ एमबीची, पुन्हा रॅममध्ये कॉपी होऊन प्रोसेसरच्या ग्राफिक्समधून बाहेर पडते. आधीच अरुंद असलेल्या रॅमवर हा फुकटचा भार. केबल आडव्या, खालच्या पोर्टमध्ये लावायची. ते झालं की बायोसमध्ये (पीसी सुरू होताना उघडणाऱ्या बोर्डाच्या सेटिंग्जमध्ये) जाऊन प्रोसेसरचं ग्राफिक्स बंद करा, किंवा यूएमए फ्रेम बफर, म्हणजे त्या ग्राफिक्ससाठी राखून ठेवलेली रॅम, सगळ्यात कमी करा. टास्क मॅनेजरच्या मेमरी पानावर ‘हार्डवेअर रिझर्व्ह्ड’ म्हणून जे दिसतं त्यातली बरीच मेमरी मोकळी होईल.

तिसरा पूल रॅम. १६ जीबी प्रमाण म्हणून पुरेसं आहे, पण एकच स्टिक म्हणजे एकच चॅनल. ३२०० वर एका चॅनलचा वेग सेकंदाला २५.६ जीबी, दोन चॅनलचा ५१.२. ज्या मशीनमध्ये डिस्कचा माल, कार्डाचा उतू गेलेला माल आणि प्रोसेसरचं रोजचं काम, तिन्ही रॅममधून जातात, तिथे हे निम्मं होणं टोचतं. त्यात ५६००जी चा एल३ कॅश (प्रोसेसरच्या आतली लहान, वेगवान मेमरी) १६ एमबी आहे, साध्या ५६०० चा ३२. कॅश लहान असली की प्रोसेसर रॅमकडे जास्त वेळा धावतो. म्हणून तुमच्या चिपवर दुसऱ्या स्टिकचा फायदा इतरांपेक्षा जास्त दिसेल, आणि तो सरासरीत कमी, सगळ्यात संथ फ्रेममध्ये जास्त.

पण आधी फुकटचं करून घ्या. टास्क मॅनेजरमध्ये रॅमचा स्पीड ३२०० दिसतो का? २१३३, २४०० किंवा २६६६ दिसत असेल तर बायोसमध्ये एक्सएमपी, म्हणजे रॅमला तिच्या खोक्यावरच्या वेगाने चालवणारी सेटिंग, बंद आहे. काही बोर्डांवर त्याला डीओसीपी किंवा ए-एक्सएमपी म्हणतात. दुसरी स्टिक घेताना शक्यतो तेच मॉडेल घ्या, निदान वेग आणि टायमिंग तरी जुळू द्या. चार स्लॉट असतील तर प्रोसेसरपासून मोजून दुसरा आणि चौथा. पहिल्या-दुसऱ्या किंवा तिसऱ्या-चौथ्या स्लॉटमध्ये लावल्या तर १६ अधिक १६ दिसेल ३२, पण चॅनल एकच राहील. खात्री सीपीयू-झेड या प्रोग्रॅमच्या मेमरी टॅबवर करा, तिथे ड्युअल किंवा २ × ६४-बिट दिसायला हवं.

इथवरचं एका ओळीत सांगायचं तर जोरात जाताना येणारे गचके तुमच्याकडे हार्ड डिस्क, चार लेनवरचं ४ जीबी कार्ड आणि एकच रॅम स्टिक यांच्या संगनमताने येत आहेत. कोणाचा वाटा किती, हे फेरीच्या आलेखावरूनच कळेल. माझा कल डिस्ककडे पहिला आणि कार्डाच्या मेमरीकडे दुसरा.

आता मे महिना. खोलीचं तापमान जेवढं वाढतं, साधारण तेवढंच आतल्या चिपचंही वाढतं. डिसेंबरात २२ अंशांच्या खोलीत प्रोसेसर ७८ वर असेल तर खोलीतला कूलर न चालवता ३८ च्या खोलीत तोच ९४ ला पोचतो, आणि ५६००जी ची मर्यादा ९५ आहे. प्रोसेसरसोबत मिळणारा रेथ स्टेल्थ कूलर लहानच आहे. मर्यादेला टेकला की चिप क्लॉक उतरवते, थंड झाली की चढवते, पुन्हा उतरवते. आलेखावर हे सुट्या सुळक्यांसारखं दिसत नाही, करवतीच्या दातांसारखं दिसतं. एचडब्ल्यू इन्फो हा प्रोग्रॅम उघडून थर्मल थ्रॉटलिंगच्या (तापल्यामुळे वेग उतरवल्याच्या) ओळी बघा. तिथे ‘यस’ आलं तर शंका नको. कॅबिनेटची बाजूची झडप काढून वीस मिनिटं खेळा. तापमान सात-आठ अंशांनी उतरलं तर कूलर बदलण्याआधी हवेची वाट मोकळी करा. समोर बंद काच, एकच मागचा पंखा आणि जाळीवर धुळीचा थर, हे त्रिकूट उन्हाळ्यात मारक ठरतं. दोन-तीन वर्षांची थर्मल पेस्ट वाळलेली असेल तर काढून नवी लावा, वाटाण्याएवढा थेंब पुरतो. रेथ स्टेल्थ चार स्क्रूंवर बसतो, ते तिरपे-तिरपे, थोडे-थोडे आवळायचे. एक बाजू पूर्ण आवळून मग दुसरीला हात घातला तर कूलर कलतो आणि एका कोपऱ्याला पेस्ट पोचतच नाही. पुढे नवी एसएसडी घेऊन ती कार्डाच्या खाली एम.२ स्लॉटमध्ये (बोर्डावरच थेट बसणाऱ्या एसएसडीच्या जागेत) बसवाल तेव्हा तीही तापते, हे लक्षात असू द्या.

विंडोज ११ आणि रायझन असेल तर आणखी एक जुनं दुखणं तपासायला दोन मिनिटं लागतात. प्रोसेसरमधलं एफटीपीएम (विंडोजच्या सुरक्षेच्या किल्ल्या सांभाळणारा भाग) बोर्डावरच्या बायोसच्या चिपशी बोलताना मधूनच रेंगाळायचं आणि अख्खी सिस्टिम क्षणभर थिजायची, आवाजासकट. एएमडीने मार्च २०२२ मध्ये हे मान्य केलं आणि एजेसा (बायोसमधला एएमडीचा मूळ कोड) १.२.०.७ असलेल्या बायोसमध्ये दुरुस्ती दिली, ते बायोस मे २०२२ पासून यायला लागले. स्टार्टमध्ये एमएसइन्फो३२ टाइप करा, बायोसची तारीख त्याआधीची असेल तर अपडेट करा. दोन पथ्यं पाळा. बिटलॉकर किंवा डिव्हाइस एन्क्रिप्शन (डिस्क कुलूपबंद करणारी विंडोजची सोय) चालू असेल तर आधी ते स्थगित करा आणि रिकव्हरी की कागदावर उतरवून ठेवा, नाहीतर अपडेटनंतर विंडोज तीच की मागत बसेल. आणि यूपीएस नसेल तर ज्या वेळी वीज जायची शक्यता आहे त्या वेळी हे काम काढू नका. अर्धवट लिहिलेला बायोस म्हणजे बंद बोर्ड.

विंडोज स्वतःच्या चुका जिथे नोंदवतं त्या इव्हेंट व्ह्यूअरमध्येही एकदा डोकवा. विंडोज लॉग्ज, सिस्टिम. गचक्याच्या वेळेला डिस्कची १५३ किंवा स्टोरएएचसीआयची १२९ क्रमांकाची नोंद असेल तर डिस्क, तिची केबल किंवा पोर्ट. डब्ल्यूएचईए-लॉगरची १७ असेल तर पीसीआय एक्सप्रेसच्या वाटेत चुका होत आहेत, कार्ड काढून स्लॉट साफ करून पुन्हा नीट बसवा, कार्ड स्लॉटपासून लांब बसवणारी रायझर केबल असेल तर ती काढून टाका. काहीच नोंद नसेल तर चांगलंच आहे.

पॉवर सप्लायबद्दल दुकानदाराचं मत मला पटत नाही. सप्लाय कमी पडतो तेव्हा पीसी बंद पडतो, रीस्टार्ट होतो किंवा कार्डाचा ड्रायव्हर कोसळतो. दर दोन सेकंदांनी एक फ्रेम लांबवणं हे त्याचं लक्षण नव्हे. ६५०० एक्सटी साधारण १०७ वॅट खातं, ५६००जी भर कामातही ८८ च्या पुढे जात नाही. सप्लाय अगदी नावापुरता असेल तर तो बदलणं सुरक्षिततेसाठी योग्य, पण गचक्यांसाठी नको.

मित्राचं म्हणणं अर्धं बरोबर आहे, कारण वेगळं. ५६०० घातला तर कार्डाचा रस्ता ४.० होऊन दुप्पट होतो आणि कॅशही दुप्पट. पण ४ जीबी ते ४ जीबीच राहतात. तेच पैसे ८ जीबीच्या कार्डात घातले तर माल उतू जाणंच थांबतं. उदाहरणार्थ आरएक्स ६६०० ला आठ लेन आहेत, त्यामुळे ३.० वरसुद्धा सेकंदाला ७.९ जीबी मिळतात, आणि ते १३२ वॅटवर, चांगल्या ४५०-५०० वॅटच्या सप्लायवर चालतं. प्रोसेसरवर खरंच संशय असेल तर गेम ७२०पी वर चालवून बघा. सुळके जसेच्या तसे राहिले तर कार्डाच्या चिपचा दोष नाही. मग क्राउड डेन्सिटी (रस्त्यावरच्या माणसांची गर्दी) लो करा. त्याने सुळके कमी झाले तर प्रोसेसरची बाजू. इंटेलच्या प्रेझेंटमॉनमध्ये ‘जीपीयू बिझी’ नावाचं माप आहे, ते आणखी नेमकं सांगतं. फ्रेमटाइम उसळला आणि जीपीयू बिझी सपाट राहिलं, तर त्या क्षणी कार्ड रिकामं बसलं होतं.

मॉनिटरबद्दल थोडंच. ७५ हर्ट्झच्या बऱ्याच स्वस्त मॉनिटरांची फ्रीसिंकची (मॉनिटरचा वेग कार्डाच्या फ्रेमशी जुळवण्याची) कक्षा ४८ ते ७५ असते. फ्रेमरेट ४८ च्या खाली घसरला की फ्रीसिंक सुटतं आणि लहानसा धक्काही मोठा वाटतो. आफ्टरबर्नरबरोबर येणाऱ्या रिवाट्यूनरमध्ये फ्रेमरेट ५८ ला बांधून बघा. सरासरी दोनने उतरेल, पण प्रोसेसर आणि डिस्कला मधे श्वास घ्यायला जागा मिळते.

पैसे घालायचा क्रम माझ्या मते असा. आज, फुकटात: केबल कार्डाला, एक्सएमपी चालू, टेक्स्चर लो, बायोसची तारीख, डिस्कची झोप बंद, आणि गेम एसएसडीवर हलवून फेरी. मग पहिली खरेदी ५०० जीबी किंवा १ टीबीची एनव्हीएमई एसएसडी, म्हणजे एम.२ स्लॉटमध्ये बसणारी, साटापेक्षा वेगवान. ३.० पिढीचीच घ्या, ५६००जी वर ४.० चे जादा पैसे वाया जातील. बसवण्याआधी बोर्डाचं मॅन्युअल उघडा: बऱ्याच बी५५० बोर्डांवर दुसरा एम.२ स्लॉट वापरला की पाचवा-सहावा साटा पोर्ट बंद होतो, आणि मग हार्ड डिस्क अचानक गायब झाली म्हणून धावपळ होते. दुसरी खरेदी रॅमची जोडीदार स्टिक. कार्ड सगळ्यात शेवटी, आणि तेव्हा ८ जीबीच्या खाली उतरू नका. सेकंडहँड आरएक्स ५८० दिसलं तर जीपीयू-झेड या प्रोग्रॅममध्ये शेडर्सचा (इथे अर्थ कार्डातली गणन-केंद्रं) आकडा बघून घ्या, २०४८ असेल तर ते ५८० च्या नावाखालचं ५७० आहे. खऱ्याला २३०४ असतात.

प्रत्येक बदलानंतर एच१० पासूनची तीच फेरी चालवा आणि सगळ्यात उंच तीन सुळके लिहून ठेवा. एसएसडी आणि दुसरी स्टिक लावूनही ते ५० मिलिसेकंदांच्या वर राहिले, तर त्याच क्षणाची शेअर्ड जीपीयू मेमरी, प्रोसेसरचा क्लॉक आणि तापमान असे तीन आकडे पाठवा. कार्ड घ्यायचं की कूलर, हे त्यावरून सांगता येईल.